हा ब्रश उलटा कापलाय!

मोबाइलवर बोट फिरवलं की रेघ उमटते. त्यात काय एवढं? मलाही असंच वाटायचं. मग एका रविवारी बाळकुमच्या आमच्या हॉलमध्ये एक कोडर आणि एक रिटायर्ड पेंटर समोरासमोर बसले...

संध्याकाळी साडेसातला कापूरबावडीच्या सिग्नलला अडकणाऱ्यांना हा सीन वेगळा सांगायला नको. पुढे टँकर, मागे टँकर, डाव्या हाताला मेट्रोचे खांब आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद करून काढलेला तंबाखूचा बार. बाळकुम नाका दिसतोय, पण पोचता येत नाही. अशा वेळी आपण काय करतो? मोबाइल काढतो. मीही काढला. पण शेजारी बसलेल्या मित्राने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःचा टॅब पुढे केला.

‘‘काढ काहीतरी.’’

मी समोरचा टँकर काढला. बऱ्यापैकी जमला होता हो! पण हा पठ्ठ्या टँकरकडे बघतच नव्हता. दोन बोटांनी चित्र मोठं करून तो टायरच्या गोलाईकडे डोळे बारीक करून बघत होता. ‘‘इथे कोपरा आलाय. दिसतोय?’’ मला काहीही दिसत नव्हतं.

तर हा माझा मित्र. राहणार डोंबिवली. दिवसा ऐरोलीच्या एका आयटी पार्कात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री स्वतःचं पेंटिंग ॲप बनवतो. नाव छापू नकोस म्हणालाय, कारण ऑफिसला कळलं तर नारळ मिळेल. आपण त्याला कोडर म्हणू.

‘‘किती दिवस लागले ॲपला?’’ मी विचारलं.

‘‘लेयर, कलर, सेव्ह, शेअर, सगळं मिळून दोन महिने. ब्रश आठ महिने. अजून चालूच आहे.’’

आठ महिने? एका ब्रशवर? माझ्यातली फ्रीलान्सर लगेच जागी झाली. म्हटलं, बॉस, इथे स्टोरी आहे.

रेघ कसली, शिक्के ते!

सगळ्यात पहिला धक्का हा की मोबाइलवर आपण काढतो ती रेघ नसतेच. स्क्रीन तुमच्या बोटाकडे सलग बघत नाही. ती सेकंदाला साठ, एकशेवीस किंवा दोनशेचाळीस वेळा विचारते, ‘आता बोट कुठे आहे?’ म्हणजे ॲपच्या हाती येतात फक्त ठिपके. हळू काढलंत तर ठिपके जवळ जवळ, झटकन काढलंत तर लांब लांब. हे ठिपके सरळ रेघांनी जोडले की गोल टायर षट्कोनी होतो. कोडरला टँकरच्या टायरमध्ये दिसलेला कोपरा तोच.

त्यावरचा इलाज १९७४ सालचा आहे. एडविन कॅटमल आणि राफाएल रोम या दोघांनी तेव्हा एक वक्ररेषा मांडली, जी दिलेल्या प्रत्येक ठिपक्यातून जाते आणि तरी कुठे ठेचकाळत नाही. यातला कॅटमल पुढे ‘पिक्सार’चा सहसंस्थापक झाला आणि २०१९ सालचं ट्युरिंग ॲवॉर्ड त्याला पॅट हॅनरॅहनबरोबर मिळालं. ‘टॉय स्टोरी’वाल्यांचं गणित आपल्या रिक्षातल्या टँकरलाही उपयोगी पडतं. भारी ना?

पण वक्ररेषा मिळाली म्हणजे रंग लागला असं नाही. बहुतेक ॲप्समधला ब्रश म्हणजे एक छोटंसं चित्र असतं. गोल, चपटं, खरखरीत, जसा ब्रश हवा तसं. ॲप ते चित्र त्या वक्ररेषेवर रबर स्टँपसारखं मारत सुटतं. एक शिक्का, किंचित पुढे सरकून दुसरा, मग तिसरा. एका साध्या रेघेत असे शेकडो शिक्के असतात. दोन शिक्क्यांमधल्या अंतराला स्पेसिंग म्हणतात. अंतर जास्त झालं की रेघेची मण्यांची माळ होते. फारच कमी ठेवलं की बिचारा मोबाइल तापतो आणि रेघ बोटाच्या मागून धापा टाकत येते.

आणि या शिक्क्यांमध्येच कोडरची दिवाळी गेली. झालं असं की स्क्रीनकडून ठिपका आला की तो तिथून पुढे शिक्के मोजायला सुरुवात करायचा. पण शेवटच्या शिक्क्यानंतर थोडं अंतर उरायचं, ते पुढच्या तुकड्यात धरायचं राहून जायचं. मग प्रत्येक जोडापाशी शिक्क्यांची गर्दी. रेघ काढली की अधेमधे गाठी! आठवडाभर तो वक्ररेषेचं गणित तपासत बसला आणि चूक निघाली हातच्याची. तिसरीतल्या बेरजेत आपण विसरायचो, तोच हातचा.

दहा टक्के गुणिले दहा

दुसरी भानगड पारदर्शक रंगाची. समजा तुम्ही रंग दहा टक्के ठेवलात. हलकासा, वॉटरकलरसारखा. एका जागी दहा शिक्के एकमेकांवर पडले, तर रंग किती होईल? शंभर टक्के, असं मी ठोकून दिलं. चूक! प्रत्येक शिक्का खालचं जे उरलंय त्याच्या दहा टक्केच झाकतो. दहा शिक्क्यांनंतर साधारण पासष्ट टक्के होतो. पण मागितला होता दहा टक्के आणि आला पासष्ट, म्हणजे हलका निळा मागवला आणि शाईची दौत सांडली.

यातून वाट अशी काढतात की एक अख्खी रेघ आधी वेगळ्या अदृश्य कागदावर काढायची. बोट उचललं की तो कागद एकदाच दहा टक्क्यांनी चित्रावर बसवायचा. म्हणून चांगल्या ॲपमध्ये दोन वेगळे स्लायडर असतात. फ्लो म्हणजे प्रत्येक शिक्क्यात किती रंग आणि ओपॅसिटी म्हणजे अख्ख्या रेघेची कमाल मर्यादा. खरं सांगा, तुम्हीही आजवर दोन्ही एकच समजून सरकवत होतात ना? मीही!

हे सगळं नवीन आहे असंही नाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत रिचर्ड शूपने ‘सुपरपेंट’ १९७३ मध्ये चालू केलं होतं. १९८४ मध्ये बिल ॲटकिन्सनचं ‘मॅकपेंट’ ॲपलच्या मॅकबरोबर घराघरांत पोचलं. आणि खिशातला कॅनव्हास आला २००८ मध्ये, जेव्हा स्टीव्ह स्प्रँग या एकट्या प्रोग्रामरने आयफोनसाठी ‘ब्रशेस’ नावाचं ॲप काढलं. पुढच्याच वर्षी, १ जून २००९ च्या ‘न्यू यॉर्कर’चं कव्हर होर्हे कोलंबो या चित्रकाराने त्या ॲपवर बोटाने काढलं. टाइम्स स्क्वेअरला तासभर उभं राहून! डेव्हिड हॉकनीसारखा दिग्गजही त्याच वर्षी आयफोनवर फुलं काढून मित्रांना पाठवू लागला होता.

एकटा प्रोग्रामर, एक ॲप आणि ‘न्यू यॉर्कर’चं कव्हर. आमचा कोडर रोज रात्री दोन वाजेपर्यंत का जागतो, ते आता कळलं असेल.

पेंटरबाबा

सिग्नल सुटला. घरी पोचेपर्यंत मी त्याला म्हटलं, ‘‘रविवारी ये. माझ्या बाबांना दाखव.’’ यामागे स्टोरीचा विचार होता, खोटं कशाला बोलू. पण थोडा स्वार्थही होता.

बाबा पेंटर. आर्ट गॅलरीतले नव्हेत, बोर्डवाले. भिवंडीच्या पॉवरलूमचे बोर्ड, कल्याणच्या किराणा दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, लग्नघरच्या भिंतीवरचं ‘शुभविवाह’. लहानपणी मी टीएमटीच्या बसमधून जाताना मैत्रिणींना पाट्या दाखवायचे, ही बाबांची, ती पण बाबांची. कमल शेडग्यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती ते पेपरातून कापून ठेवायचे. पेपरात नाटकाचं नाव नुसतं वाचायचं नसतं, बघायचं असतं, असं म्हणायचे.

मग २००० नंतर फ्लेक्स आलं. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात आणि तेही फोटोसकट. बाबांनी काही वर्षं तग धरला, मग कोलशेत रोडवरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. गेल्या तीन वर्षांत उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे. म्हणजे हात मांडीवर असला की शांत, काहीतरी करायला उचलला की थरथर. चहाचा कप ते दोन हातांनी धरतात. ब्रशांचा डबा माळ्यावर गेला तो गेलाच.

आमच्या बाळकुममध्ये आता एका बाजूला गावठाणातली कौलारू घरं आणि दुसऱ्या बाजूला चाळीस मजली टॉवर. आम्ही दोन्हींच्या मधल्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहतो. बाबा गॅलरीत बसून टॉवरवरची बिल्डरांची नावं वाचतात आणि प्रत्येकाच्या अक्षरात चूक काढतात. तेवढाच टाइमपास.

एका मायनसचा फरक

रविवारी कोडर आला. आईने कांदेपोहे केले. बाबांनी टॅब आधी ताटासारखा दोन्ही हातांत धरून पाहिला. कोडरने कौतुकाने कॅलिग्राफी ब्रश निवडून दिला. चपट्या निबचा, आठ महिन्यांच्या मेहनतीचा.

‘‘काका, लिहा काहीतरी.’’

बाबांनी ‘श्री’ लिहिलं. हात थरथरत होताच. मग ‘र’ लिहिला. मग परत ‘र’. मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, ‘‘पोरा, हा ब्रश उलटा कापलाय.’’

कोडर गोंधळला. ‘‘उलटा म्हणजे?’’

‘‘र चा पाय बघ. हत्तीचा झालाय. तो बारीक हवा. आणि वरून डावीकडे येणारी रेघ जाड हवी, ती सुतळीसारखी आलीय. इंग्रजीचा बोरू आहे हा.’’

मग बाबांनी कागद मागवला आणि आम्हाला शाळेत बसवलं. बोरूचं टोक सरळ कापत नाहीत, तिरकं कापतात. त्या तिरक्या धारेच्या दिशेने हात गेला की रेघ बारीक, धारेला आडवा गेला की जाड. रोमन अक्षरं लिहिताना धार एका बाजूला कललेली असते, खालून डावीकडून वर उजवीकडे. देवनागरीची त्याच्या बरोब्बर उलट. म्हणून इंग्रजीत जी तिरकी रेघ जाड येते, ती मराठीत बारीक येते. बाबा गावच्या शाळेत बोरूनेच कित्ता गिरवायचे. गुरुजी बोरू कापून द्यायचे आणि चुकीचा कापला तर वर्गातल्या कोणालाही कळायचं.

कोडरने लॅपटॉप उघडला. कोडमध्ये निबचा कोन लिहिलेला होता, ४५ अंश. कुठून आला? एका इंग्रजी ट्युटोरियलमधून. बाबांनी दाखवलेली धार म्हणजे मायनस ४५. आठ महिन्यांत हे लक्षात कसं आलं नाही? त्याचं उत्तरही त्याच गणितात होतं. ४५ अंशाचा निब कुठल्याही बाजूला कलला तरी आडवी शिरोरेघ आणि उभा काना सारख्याच जाडीचे येतात. दहा पिक्सेलचा निब असेल तर दोन्ही साधारण सात पिक्सेल. टेस्टिंग करताना हा भाऊ कायम ‘मामा’, ‘नाना’, ‘गागा’ असलं काहीतरी लिहायचा. तिरक्या रेघांचा ‘र’ त्याने कधी नीट बघितलाच नव्हता.

त्याने एक मायनस टाकला. बाबांनी पुन्हा ‘श्री’ लिहिलं. थरथरतं होतं, पण आता ते ‘श्री’ वाटत होतं. आधीचं काय वाटत होतं ते मला तोवर कळलंही नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मात्र पहिलं ‘श्री’ परदेशातून आलेल्या पाहुण्याने म्हटलेल्या ‘नमस्कार’सारखं दिसायला लागलं.

हा प्रश्न मोबाइलने आणला असंही नाही बरं का. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून देवनागरीचं वळण यंत्रात कसं बसवायचं यावर आपल्याकडे माणसं डोकं लावतायत. कॉम्प्युटरच्या काळात हे काम र. कृ. जोशींनी केलं. सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये शिकवणारे प्राध्यापक. ऑफिसच्या विंडोज मशीनवर कित्येक वर्षं मराठी म्हटलं की जो ‘मंगल’ फॉन्ट यायचा, तो त्यांचाच. जोशी २००८ मध्ये गेले. आज अच्युत पालवांच्या वर्कशॉपला जाऊन आपल्या वयाची मुलं बोरू, कट निब, झाडू, जे मिळेल त्याने लिहितात. पालवांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्याकडे हात आहेत, डोळे आहेत. ॲपमधला ब्रश बनवताना त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

निळा अधिक पिवळा बरोबर?

बाबांना आता चेव आला होता. बोटाने निळा रंग फासला, त्यावर पिवळा ओढला आणि स्मज टूलने घोळवला. हिरवा व्हायला हवा. झाला मातकट राखाडी!

कोडर ओशाळला. स्क्रीनचा रंग म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे तीन आकडे. निळा आणि पिवळा यांची सरासरी काढली की तिन्ही आकडे सारखे येतात आणि तिन्ही सारखे म्हणजे राखाडी. खरा रंग मात्र प्रकाश शोषतो आणि विखुरतो. निळ्या-पिवळ्या कणांच्या गर्दीतून शेवटी जो प्रकाश सुटून बाहेर येतो, तो हिरवा. याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं, पण मोबाइलला ते झटपट करणं परवडत नव्हतं. २०२१ मध्ये झेक संशोधक शार्का सोखोरोव्हा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी ‘मिक्सबॉक्स’ नावाची पद्धत काढली. तीत नेहमीच्या तीन आकड्यांमधूनच रंगासारखं मिश्रण करता येतं.

‘‘पुढच्या व्हर्जनमध्ये टाकतो, काका.’’

‘‘टाक. तोवर मी हिरवाच हिरवा घेतो,’’ बाबा म्हणाले.

थरथर

आता माझ्या स्वार्थाची गोष्ट. सगळ्या ॲप्समध्ये रेघ गुळगुळीत करणारी एक सोय असते. कुठे तिला स्टॅबिलायझर म्हणतात, कुठे स्मूदिंग, ‘प्रोक्रिएट’मध्ये स्ट्रीमलाइन. साधी पद्धत म्हणजे मागच्या काही ठिपक्यांची सरासरी काढायची. मी विचारलं, याने बाबांची थरथर जाईल का?

कोडरने स्लायडर पूर्ण उजवीकडे नेला. बाबांनी शिरोरेघ ओढली. सरळ! अगदी फुटपट्टीने मारल्यासारखी. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मग बाबांनी ‘क’ लिहिला आणि त्यांचा चेहरा पडला. रेघ बोटाच्या मागून रबरासारखी ओढली जात होती, ‘क’ची गाठ वितळून गोल झाली होती, टोकं बोथट. ‘‘सरळ आहे, पण हे अक्षर माझं नाही. कोणाचंच नाही,’’ म्हणाले आणि टॅब खाली ठेवला.

पुढचे दोन आठवडे मी कोडरला जाम पिडलं. रोज रात्री मेसेज. शेवटी त्याला २०१२ सालचा एक उपाय सापडला. गेरी काझिएझ, निकोलस रूसेल आणि डॅनियल व्होगेल यांनी मांडलेला. नाव ऐका, ‘वन युरो फिल्टर’! कल्पना सोपी आहे. हात हळू चालत असेल तर थरथर जास्त दिसते, म्हणून रेघ जास्त गुळगुळीत करायची. हात वेगात असेल तर रेघ मागे पडलेली जास्त खुपते, म्हणून गुळगुळीतपणा कमी करायचा. म्हणजे एकच ठरलेला स्लायडर नाही, हात बदलेल तसा तोही बदलतो. अशा कंपात हात सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा हलतो आणि बाबांचा काना खाली यायला दोन सेकंद घेतो. दोन्ही वेगळं काढायला जागा होती.

पुढच्या रविवारी ट्रायल. काना सुरेख आला. पण कोपरे अजून गोल. कारण कोपऱ्यावर आपण सगळेच हळू होतो, आणि हळू झालं की फिल्टरला वाटतं, चला, गुळगुळीत करूया!

कोडर पुन्हा लॅपटॉपकडे वळला, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘थांब. मी कोपऱ्यावर हात उचलतो.’’ पेंटर अक्षर एका दमात लिहीत नाही, तुकड्यातुकड्यात बांधतो. आधी काना, मग गाठ, मग पाय, वर शिरोरेघ. प्रत्येक तुकडा वेगळा. कोडरला फक्त एवढंच करायचं होतं की बोट उचललं की रेघ धावत जाऊन बोटाच्या शेवटच्या जागेला टेकली पाहिजे, मध्येच सुटता कामा नये. वीस मिनिटांचं काम. टोकं परत आली.

एक गोष्ट मात्र राहिली. उकार किंवा मात्रा काढताना बाबा बोरू बोटांत किंचित फिरवायचे. साध्या बोटाला फिरणं नसतं. ॲपलच्या २०२४ च्या ‘पेन्सिल प्रो’ला ते कळतं, पण तिची किंमत ऐकून बाबांनी कानाला हात लावला. मग कोडरने स्क्रीनच्या डाव्या कडेला एक चकती दिली. उजव्या हाताने लिहायचं आणि डाव्या अंगठ्याने निब फिरवायचा. मला ते अजून जमलेलं नाही. बाबांना दुसऱ्या दिवशी जमलं.

शेवटी फ्लेक्सवरच!

गावठाणातल्या एका मावशींनी गेल्या महिन्यात पोळी-भाजी केंद्र सुरू केलं. टॉवरमधली तुमच्याआमच्यासारखी ऑफिसवाली जनता त्यांची गिऱ्हाईक. बोर्ड हवा होता. बाबांनी आपणहून सांगितलं, मी करतो.

तीन फूट बाय दोन फूट. आपला टॅब या आकाराचं चित्र उघडूनच घाबरला. इंचाला शंभर पिक्सेल धरले तर ३६०० बाय २४००, म्हणजे ८६ लाखांहून जास्त पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एका लेयरला ३५ एमबी. बाबांनी सहा लेयर केले होते, शिवाय अनडूसाठी ठेवलेल्या कॉपी. ॲप बसलं ते बसलंच. मावशींचं ‘घरगुती’ गेलं!

पण इथे ‘ब्रशेस’वाल्या स्प्रँगची आयडिया कामाला आली. त्याचं ॲप चित्राबरोबर काढणाऱ्याचे स्ट्रोकही लक्षात ठेवायचं. कोलंबोचं कव्हर कसं काढलं गेलं, ते एकेक स्ट्रोक करून परत बघता यायचं ते त्यामुळेच. आमच्या कोडरनेही बोटाच्या ठिपक्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. बाबांनी छोट्या आकारात पुन्हा लिहिलं. मग ॲपने तेच सगळे शिक्के तिप्पट मोठ्या कागदावर सावकाश, एका वेळी एक भाग घेत परत मारले. रात्रभर टॅब चार्जिंगला लावून ठेवला होता. सकाळी फाइल तयार. कुठेही फाटलेली कड नाही.

आम्ही तिघं प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. ज्या फ्लेक्सने बाबांचा धंदा बसवला, त्याच्याच मशीनमधून त्यांचं अक्षर सरसर बाहेर यायला लागलं. ‘घरगुती पोळी-भाजी केंद्र’. ‘र’चा पाय बारीक. काना सरळ, पण नीट बघितलंत तर अगदी किंचित हललेला. तेवढं बाबांनी मुद्दाम ठेवायला लावलं होतं.

मशीनवरचा पोरगा बोर्डकडे बघत राहिला. ‘‘काका, कुठला फॉन्ट आहे हा? नाव सांगा ना, डाउनलोड करून ठेवतो.’’

बाबांनी फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारली. ‘‘नाही मिळायचा,’’ म्हणाले आणि रिक्षा शोधायला पुढे झाले.

चौकट : तुमच्या मोबाइलवर करून बघा

* ‘र’ टेस्ट : ॲपमधला कॅलिग्राफी ब्रश घ्या आणि ‘र’ लिहा. पाय जाड आला तर निबचा कोन रोमनचा आहे. ब्रश सेटिंगमधला अँगल उलट दिशेला फिरवा. शिरोरेघ आणि काना बघून हे कळणार नाही.

* निब वळू देऊ नका : काही ब्रश रेघेच्या दिशेबरोबर फिरतात. सुलेखनासाठी हा ऑप्शन बंद करा, नाहीतर जाड-बारीक होणारच नाही.

* माळ दिसतेय? : झटकन रेघ ओढा. मणी दिसले तर स्पेसिंग कमी करा. रेघ बोटामागे रखडली तर थोडं वाढवा.

* फ्लो की ओपॅसिटी : एका रेघेत रंग हळूहळू चढायला हवा असेल तर फ्लो कमी करा. अख्खी रेघ एकसारखी हलकी हवी असेल तर ओपॅसिटी.

* स्मूदिंग जपून : पूर्ण शंभरवर कधीच नको. टोकं बोथट होतात. त्याऐवजी अक्षर तुकड्यात लिहा आणि कोपऱ्यावर बोट उचला.

* आकार आधी ठरवा : प्रिंट काढायची असेल तर इंचाला किती पिक्सेल लागतील ते दुकानदाराला विचारा आणि मगच नवीन फाइल उघडा. छोटं चित्र नंतर ताणलं की कडा फाटतात.

* खिसा हलका असेल तर : ‘क्रिटा’ फुकट आहे, कोडही सगळ्यांसाठी खुला. ‘आयबिस पेंट’वरही पैसे न टाकता सुरुवात करता येते.

* आणि शेवटचं : घरात कोणी जुन्या वळणाचं अक्षर काढणारं असेल, तर रविवारी टॅब त्यांच्या हातात द्या. कांदेपोहे करायला विसरू नका.